साडेएकोणीस

थंडर बेमध्ये जानेवारीत माझा फोन झोपत नाही.
भट्ट्या बिघडतात त्या पहाटे चारला,
उणे चौतीसला,
आणि लोक दार उघडतात अंगात कोट घालूनच,
जणू स्वतःच्याच घरी पाहुणे आलेत.

बत्तीस वर्षं झाली या धंद्यात.
भिंतीवरचा आकडा दाखवा, माणूस सांगतो,
असं म्हणायचो पूर्वी.
हल्ली म्हणत नाही.

पेल्टोनेनबाई सोळावर राहतात.
कुत्र्याला स्वेटर, जिरेनियमच्या कुंडीला जुना मफलर,
गॅसचं बिल फ्रिजवर पालथं लावलेलं.
त्यांच्या समोरचा जॅरेट चोवीसवर,
अर्ध्या चड्डीत, खिडकी बोटभर उघडी,
अख्खं सुपीरियर सरोवर गरम करायला बसलेला.
एका घरमालकानं थर्मोस्टॅटवर पेटी चढवून कुलूप घातलं,
तर भाडेकरू पोरींनी पेटीला
गोठलेल्या मटारची पिशवी टेकवून ठेवली.
यंत्र बिचारं भोळं, त्याला वाटे घर गारठलंय.
मी पाहिलं, बोललो नाही.
मटार तेवढे बदला म्हटलं, वास यायला लागलाय.

पण सांगायचं होतं ते निएमींचं.

ताउनोला अठरा लागे, ऐलाला बावीस.
तो कागदाच्या गिरणीत जन्म घालवलेला,
तिची बोटं ऑक्टोबरातच पांढरी पडायची.
सेहेचाळीस वर्षांचा संसार,
भांडण सगळं बोटानं, एका चकार शब्दाशिवाय:
हा जाताना खाली, ती येताना वर.

तो बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेला
त्या दिवशी तिनं मला बोलावलं.
म्हणाली, हा नावापुरता राहू दे.
खरा कुठंतरी आत बसव.
बसवला. कोठीत, पिठाच्या डब्यामागे.
दिवाणखान्यातल्याच्या तारा कापल्या.
पैसे घ्यायला जीव होईना,
वेलदोडा घातलेला पाव घेतला आणि निघालो
चोरासारखा.

तीन हिवाळ्यांनी जाळी बदलायला गेलो.
ऐला डोळ्यांच्या डॉक्टरकडे.
ताउनोनं कॉफी ओतली, खुर्ची ओढली.
"डारियो," म्हणाला,
"आकडा खाली आणला की तळघरात भट्टी
उसासा टाकून गप्प व्हायची.
तू येऊन गेलास त्या रात्री नाही झाली.
चाळीस वर्षं यंत्रं ऐकली मी.
तुला वाटलं, मला कळणार नाही?"

माझ्या घशात पाव अडकला.

"मग बोलला का नाहीत?"
"ती झोपली होती रे. पांघरूण लाथाडून,
लहान पोरीसारखी."
"आणि तुम्ही?"
"मला उकडतं. गॅरेजात जाऊन बसतो घटकाभर."

"पण रोज अठरावर आणतो, न चुकता.
एक दिवस विसरलो तर तिला संशय येईल."

मग भिंतीकडे बोट दाखवलं.
"त्याचे सेल संपत आलेत.
आकडा विझला आणि मी तक्रार केली नाही,
तर तिला कळेल
की मला कळलंय."

मी सेल बदलले. दोन, लहान.
बिलात लिहिले नाहीत.
खोट्या यंत्राची इतक्या काळजीनं दुरुस्ती
मी आयुष्यात केली नव्हती;
फडक्यानं पुसलंसुद्धा.

घरी पोचायला मध्यरात्र उलटली.
भुवयांवर बर्फ, बूट लाकडासारखे.
आमच्याकडे साडेएकोणीस असतं.
मार्लीनसाठी कमी, माझ्यासाठी जास्त,
दोघांनाही नको असलेलं,
म्हणून दोघांनी मान्य केलेलं.

भिंतीवर एकवीस.

बोट वर गेलं, सवयीनं.
खालून भट्टीचा आवाज आला,
आतल्या खोलीतून तिच्या घोरण्याचा.
काही वेळ दोन्ही ऐकत अंधारात उभा राहिलो.

मग मोजे काढले,
आणि अनवाणीच आत गेलो.