नोटा तपासायचा दिवा

महाप्याच्या गेटवर वॉचमनने विचारलं, माल कुठाय?
आण्णा म्हणाले, माल न्हाई, लेक हाय, आत.
रविवार होता. मी पास घेऊन धावत आले.

तीनशे अंशांवर तापलेलं तेल, आरगॉनचे बुडबुडे,
पिचकारीने एका दमात सोडलेलं सेलेनियम.
विसाव्या सेकंदाला काढलेला नमुना एका बाटलीत,
मिनिटाने काढलेला दुसरीत,
असं करत सहा.
ट्यूबलाइटखाली नुसता चहा, कमी-जास्त उकळलेला.

मी दिवे घालवले, छोटा जांभळा टॉर्च लावला.
"ह्यो तर नोटा तपासायचा," आण्णा म्हणाले,
"झुंबरशेठच्या गल्ल्यावर असतोय."
मग गप्प झाले,
कारण बाटल्या पेटल्या होत्या:
मोरपिशी, पोपटी, लिंबू, झेंडू, कुंकू,
आणि शेवटची, राखेखालचा निखारा.

रंग कंचं घातलंस?
कुठलेच नाहीत. पदार्थ एकच, कण लहानमोठे.
कण म्हणजे इलेक्ट्रॉनची खोली, आण्णा.
खोली आवळली की त्याची ऊर्जा चढते,
उजेड निळ्याकडे सरकतो.
"मग निजतो कवा त्यो?"
निजत नाही. सगळ्यात खालच्या पायरीवरही थरथरतो.
"आन् खोली लईच बारकी असली तर?"
तर जास्तच.

त्यांना कोपरखैरणं आठवलं, मला कळलं.
पहिल्यांदा शिकताना मलाही आठवलं होतं,
तसं वहीत लिहिलं, तर सरांनी तांबडी रेघ मारली:
इलेक्ट्रॉनला कोंडल्यासारखं वाटत नाही.
बरोबरच आहे.
त्याच्या तोंडाशी चुलत्याचे पाय नसतात.
त्याला माळ्यावर वाकून परीक्षेचा अभ्यास करायचा नसतो.

तारेपाशी मी अडखळले.
रुंदी नाही, उंची नाही, नुसतं पुढे आणि मागे.
कुणी कुणाला ओलांडू शकत नाही, म्हणाले,
तर आण्णा हसायलाच लागले.
मसाला मार्केट. दोन्हीकडे छतापर्यंत थप्पी,
मधून एकाची वाट, पाठीवर पोतं.
"फुडचा थांबला की धक्का पार शेवटच्याला,
मधलं मानूस जाग्यावर.
आन् आनखी एक हाय.
वजन फुडं जातंय. दम मागनं येतो,
त्येच्या त्येच्या चालीनं."

मी पेन शोधू लागले.
एका मितीत इलेक्ट्रॉनचा भार आणि त्याची फिरकी
एकमेकांपासून सुटतात, वेगवेगळ्या वेगांनी जातात.
एवढं कळायला मला दोन सत्रं लागली
आणि एकदा नापास व्हावं लागलं.

टॉर्च बंद करणार तोच म्हणाले, थांब.
त्यांच्या नखांच्या कडा उजळल्या होत्या,
हिरवट पिवळ्या. तळहाताच्या रेघा.
खांद्यावरच्या टॉवेलची शिवण.
काल सांगलीकडच्या दोन गाड्या उतरवल्या होत्या, हळदीच्या.
साबणाने जात नाही म्हणून आई ओरडते, ती.

हात त्यांनी बाटल्यांच्या रांगेत ठेवला,
पोपटी आणि लिंबूच्या मधे, जागा करून.

हळदीच्या रेणूतही एक लांबट बोळ असतो, मी म्हणाले,
त्याच्यात इलेक्ट्रॉन...
"बोल की," म्हणाले.
माझा आवाज लागेना.

वहीत सातवी ओळ काढली.
नमुना: हळद, डावा हात.
वेळ: बत्तीस वर्षं.
उद्या सर तांबडी रेघ मारतील.