दोनदा वाचायचं

अमरावती रोडवरची लॅब, दुपारचे तीन, बाहेर शेहेचाळीस.
कूलरचा वाळा सकाळीच भिजवला होता, आता कडकडीत.
मी फ्लास्कमध्ये नायट्रोजन ओतते
आणि नखाएवढ्या चिपला उणे एकशे शहाण्णववर नेऊन बसवते.
गार केल्याशिवाय तिला बाहेरचं काही दिसत नाही,
स्वतःच्याच उबेचा कालवा ऐकत बसते.

मग हजेरी.
आधी सगळे पिक्सेल रिकामे करायचे, लगेच एकदा वाचायचे,
थोडं थांबून पुन्हा वाचायचे.
दुसऱ्यातून पहिलं वजा:
उरतं ते खरोखर बाहेरून आलेलं.
हिवाळ्यात निवांत थांबता येतं.
मे महिन्यात जरा रेंगाळलं की
भांडी उतू जातात, पडदाभर नुसता पांढरा.

एकशे बारावी ओळ, एक्केचाळिसावा:
हा कधीच ओ देत नाही.
शेजारचे चौघं त्याच्या नावानं 'हजर' म्हणतात,
आणि मी लिहून घेते.

नायट्रोजनची टाकी हिंगण्याहून नत्थूजी बावणे आणतात.
"एवढी थंडी डबड्यात कोंडून काहून ठेवता जी?
जराशी भाईर सोडा."

डिसेंबरात त्यांना भिंतीवर हात ठेवायला सांगितला होता.
हात काढला तरी पडद्यावर पांढरा पंजा,
चाळीस सेकंद.
"मी त इकडं आलो, अन् हात तिकडंच हाये!"
किती हसले होते.

आज आपणहून गेले पश्चिमेच्या भिंतीशी.
हात टेकवला, उचलला.
काळा पंजा.

गमछानं मान पुसत बघत राहिले.
"मेलो का काय मी?"

नाही हो, नत्थूजी.
भिंत तुमच्यापेक्षा तापलीय.
तुम्ही टेकलात तेवढी निवली.

ते काही बोलले नाहीत.
मग दुसराही हात ठेवला,
या वेळी बराच वेळ,
तापलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

मी वाचत होते, ओळीमागून ओळ.
बोटं आधी गेली, तळवा मागून.
एकशे बारा-एक्केचाळीस नेमका तळव्याच्या मधोमध पडला होता.
चौघांनी त्याच्या वतीनं सांगितलं: गार.

रिकामी टाकी घेऊन नत्थूजी उन्हात निघाले.
पहिलं रीडिंग होतं, दुसरंही होतं.
वजाबाकी मी संध्याकाळवर टाकली.