शेवटचा फर्मा

मेमधला दुसरा शनिवार, संध्याकाळचे सहा,
धंतोलीच्या वाचनालयाची मागची खोली.
आम्ही नऊ जण आणि एक कूलर.
तो बोलायला लागला की आमचं ऐकू येत नाही,
म्हणून कोणीतरी उठून बंद करतं,
आणि पाच मिनिटांत
वाङ्मयापेक्षा वाळा बरा म्हणत
तेच परत सुरू करतं.

विषय होता एक जुनी, जाडजूड कादंबरी,
जी वाचली नाही असं सांगायची
आमच्यात कोणाची टाप नव्हती.
माझी तर नव्हतीच. मी ग्रंथपाल.

डहाके म्हणाले, मी उमरेडच्या खाणीवर वाचली,
वजनकाट्याच्या केबिनमध्ये, रातपाळीला.
दोन ट्रकांच्या मधे मावतील तेवढीच पानं.
तिला मागणी आली तेव्हा फाटकापर्यंत रांग लागलेली.
तिनं नकार दिला
हे मला एकशे चाळीस टन कोळशानंतर कळलं.
अजून तो नकार आठवला
की बोटं पँटला पुसतो.

अनसूया वासनिक, मेयोतून निवृत्त झालेल्या,
म्हणाल्या, मले तं नाहीच आवडली.
मग पाणी प्यायल्या.
मग म्हणाल्या, मोर्शीचे एक मास्तर होते वॉर्डात,
दोन्ही डोळ्यांवर पट्टी.
रात्री दोनचं इंजेक्शन घ्यायचे, पण आधी चार पानं वाचून दाखवा म्हणत.
नदीवर पूल बांधायचं काम निघतं ना, तिथवर आलो
आणि गेले मास्तर.
आम्ही माना खाली घातल्या.
"अहो, घरी गेले! चांगले झाले,
पोरीच्या लग्नाची पत्रिका पाठवली त्यांनी.
मीच राहिली त्या पुलापाशी.
एकटीनं कसं वाचा पुढचं?"

फिरोजाला नायकाचा भयंकर राग.
बारा प्रकरणं नुसता खिडकीशी उभा, म्हणे विचार करतो.
तेवढ्यात माझ्या अम्मीनं
मोमिनपुऱ्यात दोन घरं बदलली असती, सामानासकट.

आणि हेमराज नंदनवार,
गोळीबार चौकातले, मागावर बसणारे,
सात शनिवार फक्त चहाचे कप गोळा करणारे,
ते म्हणाले,
"शेवटी तो वापस येते, ते काही पटलं नाही मले."

वापस?
डहाके म्हणाले, कुठला वापस? स्टेशनवरून गाडी सुटते त्याची.
ठवकर म्हणाले, गाडी कुठली, पत्र येतं फक्त, तेही दुसऱ्याच्या अक्षरात.
आवाज चढले.
कूलर बंद करायचं कोणाला सुचलं नाही, तरी सगळं ऐकू आलं.

मी कपाटातून प्रत काढली.
बांधणी नवी, शिक्का जांभळा,
आणि शेवटचा फर्मा नाही.
सोळा पानं.
"तेवढ्यात दारावर", एवढ्यावर वाक्य संपतं
आणि पुढे पुठ्ठा.
कार्डावर तारखा पाहिल्या :
डहाके, ठवकर, नंदनवार,
तिघांनी हीच प्रत नेलेली,
तिघांनी न कुरकुरता परत केलेली.
दार ज्यानं त्यानं आपापल्या घरी उघडलं असावं.

फिरोजानं फोनवर वाचलेली, अख्खी.
तिनं तोंड उघडलं
आणि डहाक्यांनी हात वर केला,
ट्रक थांबवतात तसा.
"नको पोरी."
नंदनवार कप गोळा करायला उठले.

कुलूप लावताना ओसरीवर पाहिलं,
अनसूयाबाई चपलेचा पट्टा लावता लावता
तिला हळूच विचारत होत्या,
"बाकीचं राहू दे.
पूल झाला का, तेवढं सांग."
फिरोजा क्षणभर रस्त्याकडे बघत राहिली,
मग म्हणाली, "झाला ना. मजबूत झाला."

मी चाळीस पानांपलीकडे कधी गेलो नाही,
तेव्हा खरं-खोटं मला माहीत नाही.
पण बाईंनी मास्तरांचा नंबर
अजून ठेवलाय हे कळलं,
कारण फाटकाशी उभ्या राहून
त्या चष्मा शोधत होत्या.