बेचाळीस ग्रॅम

फतेगंजच्या वळणावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून,
तुमचं पहिलं काउंटर उघडलं तेव्हा
अख्ख्या बडोद्यात बरिटो हा शब्द
न अडखळता म्हणणारे आम्ही सातआठजण असू.
आत्या म्हणाली, हे तर पोळीचं पार्सल.
मी म्हटलं, हो, पण आत राजमा झोपलाय
भात पांघरून.

काचेमागे पिनाकिन असायचा.
केसांवर जाळी, मनगटाला काळा दोरा,
हातात डाव. डावाला माप नव्हतं.
"फणसेभाई, डुंगळी ओछी, तीखुं वधारे,"
माझं मागणं तोच म्हणून टाकायचा,
मी नुसती मान हलवायची.

बाबा सयाजीत होते तेव्हा अकरा रात्री
मी इथेच जेवलो.
बाराव्या दिवशी त्यानं न विचारता
बिनतिखटाचा एक वेगळा बांधून दिला.
बाबांनी दोन घास खाल्ले, तिसरा हातात धरून ठेवला.
म्हणाले, भात आपल्यासारखाच आहे रे.
मीठसुद्धा.

मग तुम्ही अलकापुरीत गेलात, गोत्रीला, वासण्याला,
आणंदला, अहमदाबादच्या विमानतळावर.
भाच्याला नोकरी लागल्यासारखा
मी ऑफिसात सांगत फिरलो.

कुठल्या दिवशी बिघडलं, विचाराल तर
सांगता यायचं नाही.
एका बुधवारी पोळी जरा चामट लागली.
पावसाळी हवा असेल, म्हटलं.
नंतर कधीतरी त्या हिरव्या चटणीतलं फळ गेलं
आणि रंग तेवढा राहिला.
दुधी असावा. वाटाणाही असेल.
टेबलं खिळ्यांनी जमिनीत ठोकली,
कोणी खुर्ची ओढून दुसऱ्याशेजारी बसू नये म्हणून की काय.
पिनाकिन कुठे गेला, विचारलं
तर नवा मॅनेजर म्हणाला, कोण पिनाकिन?

आता दारातच पडदा उजळतो,
बोट लावा म्हणतो.
कांदा कमी, असं तिथे बटणच नाही.
कांदा हवा, नाहीतर नको.

काल काचेमागे नवा पोरगा होता,
मिसरूड अजून पुरतं न फुटलेला.
त्यानं राजम्याचा डाव ओतला,
काट्यावरचे आकडे लाल झाले.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
दोन बोटांनी
एक, दोन, तीन दाणे उचलले
आणि परत डब्यात टाकले.

माझ्या तोंडाशी आलं होतं बरंच काही.
चौदा वर्षांचं गिऱ्हाईक आहे मी,
तुझ्या मालकाचा नंबर दे, वगैरे.

पण ती दोन बोटं माझ्या ओळखीची निघाली.

मकरपुऱ्याला, जीआयडीसीत, नमकीनच्या कारखान्यात
पॅकिंग माझ्याकडे असतं.
गेल्या दिवाळीआधी एक कागद आला होता:
पन्नासचे बेचाळीस,
किंमत दहा, तीच,
पाकीट तेच, फुगवटा तोच.
आठ ग्रॅम म्हणजे किती,
बशीत ओतून पाहिलं होतं मी.
मूठभरसुद्धा नाही.
चहा यायच्या आत सही करून मोकळा झालो,
या पोराचा हात थरथरत होता,
माझा तेव्हा नव्हता.

"सर, फाइव्ह स्टार आपजो ने," पोरगा म्हणाला,
"नहीं तो अमने बोले छे."
पाच दाबले.

खिडकीशी बसून खाल्ला.
तिसऱ्या घासाला पोळी फाटली,
भात मांडीवर.
एकेक शीत वेचून मी कागदात गोळा करत होतो
आणि डोळ्यांपुढे उगाच
भायलीतली कुठलीतरी सातव्या मजल्यावरची गॅलरी,
शाळेतून आलेलं एखादं मूल,
माझं पाकीट दातांनी फाडून
एक डोळा मिटून आत बघणारं,
मग पाकीट उलटं करून
तळव्यावर आपटणारं.
पुन्हा एकदा आपटणारं.