मीठ

मार्गशीर्षात बामणोदच्या मळ्यांत
कपाशीच्या पळकाट्या पेटल्या
की डिगंबरअण्णांना बोलावणं यायचं.
दोनशे माणसांचं भरीत, दोन मण वांगी,
आणि मीठ त्यांच्या डाव्या मुठीनं.
चाखत नसत. बडगीत नुसतं बघत,
म्हणत, "अजून जरासं."

बाप्यांचं काम ते.
मुसळ जड, धूर डोळ्यांत जातो,
बाईमाणसाला झेपत नाही,
असं सगळे म्हणत.
आणि माझी आई चुलीपुढं
फुंकणी खाली ठेवून
पदरानं डोळे पुसत
हो म्हणायची.

पुऱ्या घरूनच जायच्या.
त्या किती, कुणी मोजल्या नाहीत.

मी दहावीत होते. आईला टायफॉईड,
भुसावळच्या दवाखान्यात अकरा दिवस.
तिसऱ्या संध्याकाळी अण्णा
स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले,
पाहुण्यासारखे.
"मीठ कुठी ठेवते वं तुझी माय?"

बरणी उजव्या फळीवर, समोर होती,
चिनी मातीची, झाकणाचा टवका उडालेली.
मी लगेच सांगितलं नाही.
का, ते अजून नीट कळलेलं नाही.

कापूस वेचायला बायाच लागतात,
बायांची बोटं बारीक, म्हणतात.
माझी बोटं अण्णांवर गेलीत.
आखूड, जाड, नखं रुंद.
तरी त्या वर्षी दिवाळीच्या सगळ्या सुट्टीत वेचला,
किलोच्या भावानं, बोंडाच्या काट्यांनी
बोटांची टोकं सोलून घेत.
काटा धरायला लीलाधर.
त्याची बोटं माझ्याहून बारीक,
पोरीसारखी, लांबसडक.
तो काटा धरायचा.

त्या संध्याकाळी अण्णांनी
गॅसवर दोन वांगी भाजली,
तेल लावून, उलटत-पालटत, हळू.
मिरच्या ठेचल्या, लसूण सोलायला मला दिला नाही.
मग बरणीत मूठ घातली
आणि तशीच थांबली मूठ.
दोनशे माणसांचं ठाऊक होतं तिला.
दोघांचं नव्हतं.

खारट झालं.
दोघांनी खाल्लं, पाणी पीत पीत.
"थोडक्याचं अवघड असतं," म्हणाले,
आणि ताट स्वतः उचललं,
पण कुठं ठेवायचं ते न कळून
हातात घेऊन उभे राहिले.

बाराव्या दिवशी आई आली.
रिक्षातून उतरली, घागरीतलं पाणी प्यायली,
सरळ चुलीकडं गेली
आणि सवयीनं उजवीकडं हात नेला.

बरणी डाव्या फळीवर होती.

ती बराच वेळ बघत राहिली.
काही बोलली नाही.
तिनं बरणी उचलली, पुसली,
आणि परत डावीकडंच ठेवली.