दुसरा आठवडा

बरबँकहून फोन येतो तेव्हा मी लोण्याचं यंत्र पुसत असते.
पलीकडे ग्रॅडी ट्रस्लर, वितरक कंपनीचा,
आवाज असा की काल रात्रीच जपानहून पोहत आलाय.
"लॉर्ना, येत्या वर्षी सहा आहेत. सहाच्या सहा सोनं."
असेल सोनं. आमच्या गावात
लोक मक्याच्या भावावर बोलतात.

तो आकडे वाचतो.
कंदील वाहणाऱ्या मुलीचा, फेब्रुवारीत,
पहिल्या तीन दिवसांत देशभर दीड कोटी डॉलर;
तलवारवाल्यांचा तिसरा भाग, उन्हाळ्यात, त्याच्या तिप्पट;
आणि एक, ज्यात दोन तास
एक म्हातारा दीपगृह रंगवतो.
इथे तो घसा खाकरतो.
"तो सोड. तो फक्त किनाऱ्यांवर चालेल."
आमचा किनारा म्हणजे प्लॅट नदी, गुडघाभर.

तुरी अजून बाजारात,
आणि आम्ही दोघं फोनवर डाळीची वाटणी करतोय.

माझे आकडे माझ्याकडे आहेत,
तिकीटबारीमागच्या हिरव्या वहीत, सासऱ्यांच्या काळापासूनचे.
गुरुवारी रात्री रांग पार टायरच्या दुकानापर्यंत.
पुठ्ठ्याचे पंख, निळे टोप,
शाळेत तोंड न उघडणारी ओडेसा प्रुइट
कमरेला लाकडी तलवार लावून
अनोळखी पोरांना पात्रांच्या वंशावळी समजावून सांगते.
पॉपकॉर्न दोन तासांत संपतो.
शुक्रवार बरा. शनिवार बरा.
रविवारी गाड्या आयोवाला परत.
आणि दुसऱ्या आठवड्यात सिनेमा असा पडतो
की पडल्याचा आवाजही येत नाही.
दोनशे दहा खुर्च्या, आणि मी.

"डब केलेलाच घे," ग्रॅडी सांगतो.
"तुमच्याकडचे लोक वाचायला थिएटरात येत नाहीत."

हे मीही वर्षानुवर्षं म्हणत आले.

मागच्या मार्चमधला एक मंगळवार मात्र वहीत आहे.
चुकून मूळ जपानी प्रत आली होती, खाली इंग्रजी अक्षरं.
दुपारचा शो, तिकिटं दोन. बंद करणारच होते.
धान्याच्या कोठारावर काम करणारा विल्मर स्टेंगल
आणि त्याची बहीण आयडेल. दोघं जन्मापासून बहिरे.
बँकेत दिसायचे, चर्चच्या जेवणात दिसायचे,
इथे कधीच नाही.
खुर्चीच्या हाताला लावायचं आमचं अक्षरांचं यंत्र
दोन वर्षांपासून बंद आहे,
आणि मी ते उद्या दुरुस्त करणार आहे.

मी मागे दारात उभी राहिले.
पडद्यावर एक मुलगा भात शिजवत होता, नुसता भात,
वाफ कुणीतरी हातानं काढलेली,
आणि अंधारात चार हात बोलत होते,
मोठ्यानं, मधेमधे, शेवटपर्यंत,
कुणालाही त्रास न देता.
एकदा विल्मर हसला.
एकाच गावात एकतीस वर्षं,
आणि त्याचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.
गल्ला: चौदा डॉलर.
पुढच्या मंगळवारी हेस्टिंग्जहून एक व्हॅन आली.
गल्ला: त्रेसष्ट.

हा आकडा ग्रॅडीच्या तक्त्यात
कुठल्या रकान्यात बसतो, मी विचारलं नाही.

"लॉर्ना? आहेस ना?"
आहे.
तलवारवाले दे, डब केलेले, रोज चार शो,
गळणारं छत तेवढ्यावरच नीट होणार आहे.
कंदीलवाली दे.
आणि तो दीपगृहवाला.
"तो चालणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."
नाहीच चालणार.
मंगळवार दुपार, मूळ जपानी. लिहून घे.

तो लिहीत असल्याचा आवाज येत नाही.
लोण्याचं यंत्र पुन्हा गळायला लागलंय.
मी खाली फडकं सरकवते
आणि ते अक्षरांचं यंत्र
कुठल्या खोक्यात ठेवलं होतं, आठवत बसते.