हात हलवत

पीपल्स पार्कच्या तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या मागे,
मिस्टर यिपचं दुकान. आत दोन माणसं उभी राहिली
की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं.
दोरीला पुठ्ठा : सगळ्यावर चाळीस टक्के सूट.
पुठ्ठा इतका जुना
की खुद्द त्यावरच काही सूट मिळावी.

म्हणाला, हे घ्या अंकल. जपानी यंत्र.
सेल नको, चावी नको, मनगट हललं की चालतं.
पाठीला काच होती. आत लोखंडी अर्धचंद्र
डुलत होता, नुकत्याच जेवलेल्या माणसासारखा.

स्वस्त का?
कारण शनिवार, तो म्हणाला.
खिडकीतला वार अरबीत होता.
कुठल्या तरी वाळवंटी बंदरासाठी निघालेला माल
सिंगापूरलाच उतरला, आणि राहिला.
आणि वॉरंटी?
कंपनीची नाही. माझी. मी आहे तोवर.

मी त्याचा खोकला नीट ऐकून घेतला,
मग कॅल्क्युलेटरवर नव्वद टाकले.
त्यानं पुसून एकशे तीस केले.
चार वेळा यंत्र काचेवरून इकडून तिकडे सरकलं,
तोंडानं कुणीच काही बोललं नाही.
शेवटी एकशे आठ. आठाला त्याची ना नसते.
पट्ट्याचे दोन दुवे काढून पुडीत बांधून दिले :
ठेवा. जाड झालात तर लागतील.

ह्वी मिन म्हणाली, पा, फोनमध्ये वेळ फुकट असते.
बरोबर आहे तिचं.
पण सव्वीस वर्षं मी गोदीत कंटेनर बांधले,
तेव्हा मनगटावर काही टिकत नसे, काचा फुटायच्या.
हातावर पोट होतं, घड्याळाला जागा नव्हती.

आता रात्रपाळी. चार इमारती, एक टेबल, एक पंखा, एक वही.
दर तासाला फेरी मारायची आणि लिहायचं : सर्व ठीक.
मी लिहायचो.
फेरी बसल्या जागी व्हायची,
वेळ अशीच मारून न्यायची असते, सगळेच नेतात.

तिसऱ्या रात्री घड्याळ थांबलं.
दोन चाळीस.
वहीत मात्र तीनची फेरी झालेली, खाली माझी सही.
मी ते हलवलं, कानाला लावलं,
यिपला दोन शिव्या दिल्या,
मग आठवलं : मनगट हललं की चालतं.
दिवसा झोपलेलं, रात्री टेबलावर ठेवलेलं माझं मनगट.
एवढ्याशा लोखंडानं चहाडी केली होती,
तीही एकशे आठ डॉलर घेऊन.

उठलो.
ए इमारत, बी इमारत. जिने, कारण लिफ्टमध्ये हात हलत नाहीत.
कुणाच्या दाराबाहेर एकच चप्पल.
सातव्या मजल्यावर नळ वाहत होता, बंद केला.
कुणी पाहत नव्हतं, म्हणून
गोदीतल्या पोरासारखे हात मागेपुढे फेकत चाललो.

पोहण्याच्या तलावाशी डी इमारतीतले मिस्टर पेस्ताना,
पायजमा गुडघ्यापर्यंत, पाय पाण्यात.
ही वेळ नाही, असं म्हणायचं असतं मी. नियमात आहे.
ते म्हणाले, किती वाजले?
म्हटलं, माहीत नाही. थांबलं होतं, आत्ताच सुरू झालंय.
त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर हवं होतं.
मी शेजारी बसलो नाही. उभा राहून
हात हलवत राहिलो.

सकाळी हमझा आला पाळी बदलायला.
त्याच्या मोबाइलवर बघून काटे लावले,
वार त्यानं वाचून दाखवला : खमीस. गुरुवार.
लहानपणी मदरशात शिकला होता, म्हणाला,
पहिल्यांदाच कामाला आलं.

दिवसाला वीस सेकंद पुढे जातं.
यिपकडे नेलं नाही अजून.
बाजार करून, भाजी न मिळता, हात हलवत घरी आलो
तरी आता रिकामा येत नाही.